कोंबड्यांचा शनिवारचा उपास

मोठ्या मामांचं वर्ष, म्हणजे ते वारल्याला वर्ष झाल्याचा विधी, शनिवारी होतं आणि खालच्या शेडमधल्या कोंबड्यांचा उपासही नेमका शनिवारीच येत होता. एवढ्यावरून शुक्रवारी दुपारपर्यंत घरात दोन तट पडले. एका तटात एकटी कोनाडू, म्हणजे बिरागोची आई. दुसऱ्या तटात उरलेलं सगळं घर, आणि सगळ्यांच्या पुढे तिचा धाकटा भाऊ ट्वेने, कुमासीहून आदल्याच दिवशी आलेला, पांढऱ्या चपला घालून. कोंबड्यांच्या शेडवर पांढऱ्या चपला घालून येणाऱ्या माणसाबद्दल बिरागोचं मत काय झालं असेल ते सांगायला नको. पण मामा तो मामा.

"ताई, एक दिवस," ट्वेने मामा म्हणाला. "एक दिवस खायला घातलंस तर आभाळ कोसळणार नाही. बेरेकुमचे लोक येणार, मामींच्या माहेरचे. त्यांच्या कानावर काय पडावं? उपाशी कोंबड्यांची बोंब?"

"तुझं लहानपणापासून हेच. एक दिवस, एक दिवस. शाळाही तू एकेक दिवस करूनच सोडलीस."

बिरागो कसावा सोलत होती. तिने मान खाली घातली, नाहीतर हसू दिसलं असतं. सुट्टीला होस्टेलवरून आल्यापासून तिला एक नवीनच गंमत कळली होती: मोठ्यांच्या भांडणात आपण हातात काहीतरी काम घेऊन बसलं की आपण अदृश्य होतो.

ट्वेने मामाने मग हुकमाचं पान टाकलं. वरच्या शेडकडे बोट करून म्हणाला, ह्या असल्या उपासांनीच ती शेड तोट्यात बसली. कोंबडीला उपाशी ठेवायचं आणि वर अंडं मागायचं, हा कुठला हिशेब? उद्या कुळप्रमुख ओपानिन कुमींसमोर हेच बोलणार आहे. कोंबड्या विकून टाकू, शेडच्या जागी कोल्ड स्टोअर घालू, परदेशातून गोठलेली कोंबडी खोक्यात भरून येते ती विकू. तिला ना दाणा लागतो, ना पाणी, ना उपास.

 कोनाडू शेडकडे निघून गेली, आणि तिची चाल पाहून बिरागोच्या हातातली सुरी थांबली. आई हरलेली असली की टाचा घासत चालते.

कारण वरची शेड खरोखरच बसली होती. मोठ्या मामांनी इथे डोर्मा गावात सगळ्यांच्या आधी ह्या जातीच्या कोंबड्या आणल्या तेव्हा लोक बघायला येत. ही अंडी खायची नसतात. ती उबवायला जातात, त्यातून निघालेली पिल्लं गावोगावचे लोक मांसासाठी वाढवतात. आणि इथेच सगळी मेख आहे. मामा म्हणायचे, आणि आता कोनाडू म्हणते, ही खाण्याची कोंबडी नाही, खाण्याच्या कोंबडीची आई आहे. लेकरांनी भराभर वाढावं म्हणून जी भूक रक्तात घातली तीच भूक आईच्याही पोटात. पुढ्यात टाकाल तेवढं खाते, थांबत नाही. अंग पुढे पळतं आणि अंडाशयाचं पाऊल चुकतं. मग दोन-दोन बलकांचं अंडं, कागदासारखं कवच, किंवा अंडं देता देता मागून आतलं अंगच बाहेर येतं आणि बाकीच्या टोचून टोचून तिला मारतात. फार वाळवली तर अंड्यावरच येत नाही. म्हणून वाढत्या वयात एक दिवस खाणं, एक दिवस उपास. खाण्याच्या दिवशी दोन्ही दिवसांचं एकदम मिळतं, त्यामुळे दाणा एवढा पडतो की धटिंगणांची पोटं भरली तरी दुबळ्यांना उरतो. सगळ्या सारख्या वाढतात. एकदा अंड्यावर आल्या की उपास संपले, रोज मोजकं.

कोनाडू दर आठवड्याला दोन्ही शेडमध्ये वजनाचा काटा बघायची. दाराच्या आत आढ्याला काटा टांगलेला, त्याला कोंबडी उलटी लटकवायची आणि दारावर खडूने खूण करायची. वरच्या शेडच्या दारावरची रेषा इतकी शहाण्यासारखी चढत गेली होती की बिरागोच्या गणिताच्या सरांनी पाठ थोपटली असती. आणि तरी त्या कोंबड्या अंड्यावर आल्यापासून उबवणीवाला अंडी परत पाठवत होता. दोन बलकांची, वाकडी, मऊ. वजन बरोबर आणि अंडं चूक. कोनाडूला ह्याचा अर्थ लागत नव्हता, आणि उद्या सगळ्या कुळासमोर तिला अर्थ विचारला जाणार होता. इथे मामाचं भाच्याला जातं, ही रीतच. शेड मामांच्या मागे ट्वेनेच्याच नावावर येणार. प्रश्न एवढाच होता, ओपानिन ती चालवायला कोनाडूच्या हाती ठेवतात की नाही.

शनिवारी उजाडताच खालच्या शेडने आभाळ डोक्यावर घेतलं. काल खाल्लं, आज नाही, हे कोंबड्यांना बरोबर कळतं. त्यात पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या, मांडवातल्या भोंग्यावर गाणी सुरू झाली, आणि मधूनमधून गाणं थांबलं की उरायची ती कोंबड्यांची ओरड.

मागच्या अंगणात बायकांनी सूपासाठी कोंबड्या मारायला घेतल्या होत्या. आजीने, म्हणजे तेनेवा आजीने, आदल्या दिवशीच बजावलं होतं की वरच्या शेडमधल्या, आणि मागच्या खणातल्या घ्या, त्या भरलेल्या आहेत. शेडला मधोमध जाळी. दारापाशी पुढचा खण, तिकडे टोकाला मागचा. आजी म्हणजे कोनाडूची आई, मोठ्या मामांची सख्खी बहीण, घरातली सगळ्यांत मोठी बाई. तिचा शब्द मोडायचा प्रश्न नव्हता. बिरागोने मात्र आळसाने एक कोंबडी पुढच्याच खणातली उचलली होती, दार जवळ पडतं म्हणून.

तर ही आळसाची कोंबडी तिने चिरली आणि आत बघितलं. बलक एकामागे एक, उतरत्या आकाराने, शाळेच्या प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करतात तसे. मग शेजारच्या मावशीने मागच्या खणातली चिरली. आधी पिवळी चरबीच हाताला लागली, मूठभर, थलथलीत. मावशी खूश झाली. "सूपावर तवंग येईल बघ कसा. मोठ्या माणसाचं वर्ष आहे, शोभलं पाहिजे." चरबीच्या मागे बलकांची नुसती गर्दी, सगळे मोठेच, एकमेकांना ढकलत, एक फुटलेला. तिसरी चिरली, तशीच. चौथी, तशीच.

बिरागोने हात धुतले.   ती वरच्या शेडमध्ये गेली, बाकावर चढली आणि आढ्याचा काटा काढला. हा काटा तिच्या आठवणीत कुणी खाली काढलेला नव्हता. मोठ्या मामांनी टांगला तिथेच तो राहायचा, म्हणून वजनाला कोंबड्या कायम पुढच्याच खणातल्या धरायच्या. जाळीपलीकडे मागचा खण, पण तिथपर्यंत काटा कधी गेलाच नव्हता.

मागच्या खणातली पहिलीच कोंबडी तिने लटकवली आणि काट्यावरचा आकडा दारावरच्या रेषेच्या पार वर गेला. दुसरीचंही तसंच.

काटा घेऊन ती तशीच खालच्या शेडच्या मागल्या बाजूने गेली. मागे जाळीची खिडकी आहे, पलीकडे आजीचं मक्याचं शेत. बिरागोची सावली खिडकीवर पडली मात्र, मागच्या खणातल्या सगळ्या कोंबड्या एकमेकींच्या अंगावरून खिडकीकडे धावल्या आणि माना वर करून उभ्या राहिल्या. ओरड बंद. नुसती वाट बघणं. पुढच्या खणातल्या बिचाऱ्या दाराकडे तोंड करून ओरडत होत्या, कारण त्यांना खाणं दारातून येतं. ह्यांना खिडकीतून येत होतं.

कोण घालतं, हे विचारायची वेळच आली नाही. मक्याच्या ताटांमधून आजी आली. अंगावर वर्षाचं काळं-पांढरं कापड, कमरेवर निळा इनॅमलचा मोठा वाडगा, काठोकाठ मक्याने भरलेला. नातीला बघून ती दचकली नाही. नात आधीच उभी आहे तर बरंच झालं, अशा थाटात तिने वाडगा पुढे केला.

"धर जरा. पुन्हा एक फेरी मारावी लागेल."

"आजी, कधीपासून?"

आजीने सरळ सांगितलं. मामांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला बेरेकुमची एक लांब मानेची बाई आली होती. त्या दिवशीही असाच उपास, अशीच ओरड. ती म्हणाली, मालक गेला आणि ह्या घरात कोंबड्यांचीही चूल विझली. सगळ्यांसमोर म्हणाली. तेव्हापासून आजी उपासाच्या दिवशी, कोनाडू दुपारी अंडी घेऊन गेली की, खिडकीतून मका टाकायची. वरची शेड वाढत होती तेव्हा तिथे, आता इथे. स्वतःच्या शेतातला मका.

"माझ्या भावाच्या कोंबड्यांना मी जेवू घालते," आजी म्हणाली. "त्यात चोरी कसली?"

बिरागोला वाटलं होतं, उत्तर सापडलं की आनंदाने ओरडावंसं वाटेल. तसं काहीच झालं नाही. तिने आजीला हाताला धरून खाली दगडावर बसवलं आणि सांगितलं: चरबीचं, बलकांच्या गर्दीचं, परत येणाऱ्या अंड्यांचं. शाळेत ती वादविवादात पहिली आलेली होती, पण एवढं हळू ती आयुष्यात बोलली नव्हती. आजी वाडग्यातला मका बोटांनी सारखा करत ऐकत होती.

"ज्या मागून फाटून मेल्या," तिने विचारलं, "त्या माझ्या मक्याने?"

खोटं बोलावंसं बिरागोला वाटलं. "सगळ्या नाही, आजी," ती म्हणाली.

आजी उठली. मक्याने भरलेला वाडगा तसाच कमरेवर घेऊन परत शेतात शिरली. वाकलेली नव्हती, रडत नव्हती. पण तिच्या टाचाही घासत होत्या, आणि आईची ती चाल कुठून आली ते बिरागोला त्या दिवशी कळलं.

बिरागोने आईला अर्धं सांगितलं. काटा, मागचा खण, चरबी. खिडकीचं सांगितलं, खिडकीबाहेरचं नाही. कोनाडूने ऐकून घेतलं आणि काटा हातात घेतला.

"मीही गाढवच," ती म्हणाली. "मामा पुढचीच धरायचे म्हणून मीही पुढचीच धरत बसले." मग तिने खिडकीकडे बघितलं. पलीकडे कुणाचं शेत आहे हे तिला लेकीने सांगायला नको होतं.

मांडवात कुळाची बैठक भरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पूर्वजांच्या नावाने दारू जमिनीला दिली गेली. ओपानिन कुमी मधल्या खुर्चीवर, त्यांच्या बाजूला त्यांचा बोलका, ज्याच्या तोंडूनच सगळं बोलायचं. ट्वेने मामा उभा राहिला आणि चांगलं बोलला, हे कबूल करायलाच हवं. त्याने बहिणीला वाईट म्हटलं नाही. ताईचे कष्ट सगळे बघतात, म्हणाला, पण शेड बुडतेय, आणि बुडत्या होडीत बहिणीला ठेवणारा भाऊ कसला. बाहेर खालच्या शेडने त्याला साथ दिली. बेरेकुमच्या रांगेत लांब मानेची बाई शेजारणीच्या कानाला लागली.

मग कोनाडू उभी राहिली. तिच्या दोन काखांत दोन कोंबड्या. तिने त्या ओपानिनच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, हाताने बघा. एका दिवशी आलेल्या, एकाच शेडमधल्या. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी दोघींना तोललं, छातीच्या हाडावरून बोट फिरवलं. एकीचं हाड बोटाला लागलं, दुसरीचं लागलं नाही.

"दोघींतली कुठली चांगली अंडी देते?" बोलक्याने त्यांच्या वतीने विचारलं.

"हलकी," कोनाडू म्हणाली.

मांडवात कुजबूज झाली. कोनाडूने सांगितलं की वरची शेड उपासाने बसलेली नाही, उपास मोडल्याने बसलेली आहे. तिचा मागचा खण आता सुधारणार नाही. खालची अजून अंड्यावर आलेली नाही. तिच्या मागच्या खणाची वाढ हळूहळू धीमी करता येईल, एकदम उपाशी ठेवून मात्र नाही, नाहीतर तीही हातची जाईल. आपण वजन एकाच खणाचं बघत राहिलो ही आपली चूक.

"आणि उपास कुणी मोडला?"

इथे सगळं थांबलं. भोंगासुद्धा कुणीतरी बंद केला.  आईने एकदा, फक्त एकदा, बिरागोकडे बघितलं, आणि तिने जमिनीकडे. नाव घेतलं तर शेड वाचते आणि आजी बेरेकुमच्या लोकांसमोर उघडी पडते. नाही घेतलं तर दोष शेड सांभाळणारीचा.

"शेड माझ्या ताब्यात होती," कोनाडू म्हणाली. "म्हणजे माझ्या नजरेखाली झालं."

ट्वेने मामा खुर्चीत पुढे सरकला. त्याला अजून काही म्हणायची गरजच उरली नव्हती. ओपानिन उठले, बाकीची जुनी मंडळी उठली, आणि बोलक्याने नेहमीचं वाक्य म्हटलं, "आम्ही म्हातारीला विचारून येतो."

निवाड्याआधी वडीलधारे बाजूला जातात तेव्हा असंच म्हणायचं असतं. लहानपणी बिरागो एकदा ही म्हातारी बघायला घराच्या मागे गेली होती. तिथे कुणी म्हातारी नव्हती, नुसते पुरुष उभे होते आणि तपकिरीची डबी फिरत होती. म्हातारी म्हणजे कुळाचं शहाणपण, असं तिला मग समजावण्यात आलं.

आज मात्र बायकांच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"विचारायचंच आहे," तेनेवा आजी म्हणाली, "तर आज खरीच घेऊन जा."

 रीत मोडली म्हणावं तर रीतीतच म्हातारी आहे. आजी कापड सावरत निघाली, आणि वडीलधाऱ्यांना तिच्या मागून जावं लागलं. घराच्या मागे काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. कुणाचा आवाज चढला नाही. बिरागो नखं खात बसली. ट्वेने मामाने पांढऱ्या चपलेवरची धूळ झटकली, आणि थोड्या वेळाने पुन्हा झटकली.

मंडळी परत आली. ओपानिन आपल्याच तोंडाने बोलले, बोलक्याला मध्ये न घालता, आणि थोडक्यात बोलले. मामांच्या जागी ट्वेने बसेल, त्याचा तो हक्क. कोंबड्या कोनाडूच्या. जोवर तिला पाळायच्या आहेत तोवर त्या विकायचा शब्द कुणी काढायचा नाही. उपास कुणी मोडला हे म्हातारीला ठाऊक आहे, आणि तो पुन्हा मोडणार नाही.

ट्वेने मामाने मान डोलावली. तो काही वाईट माणूस नव्हता. थोड्या वेळाने तो कोनाडूपाशी आला आणि विचारलं, काटा मधल्या जाळीवर बसवला तर दोन्ही खणांना पुरेल का? कोनाडू म्हणाली, पुरेल, पण चपला काढून ये. बिरागो ह्या वेळी मोठ्याने हसली. अदृश्य राहायचा तिला कंटाळा आला होता.

जेवणं सुरू झाली. खालची शेड अजून ओरडतच होती, उलट भुकेच्या वेळेला जरा जास्तच. बेरेकुमच्या रांगेत लांब मानेच्या बाईने कसावा कुटून केलेल्या फुफूचा घास सूपात बुडवता बुडवता मान शेडकडे वळवली. "ऐकवत नाही गं बाई," ती म्हणाली. "मुकी जनावरं. एवढ्या मोठ्या घरात त्यांच्याच पोटाला नाही."

आजी वाढत होती. तिच्या हातात निळा इनॅमलचा वाडगा होता, घासून लख्ख केलेला, आणि त्यात सूप. वर पिवळा तवंग चमकत होता. तिने वाकून त्या बाईच्या पुढ्यात एक मोठा, चरबीने भरलेला तुकडा घातला, आणि त्यावर आणखी एक.

"त्या उद्या जेवतील," आजी म्हणाली. "रोज पोटभर जेवलेली ही, तुझ्या ताटात आहे. खा."